पहिली येळवस आणि अकलूजची वाईन: एका हनिमूनच्या आखणीचं प्रकरण

डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात एक जोडपं माझ्याकडे आलं. लग्न दहा दिवसांवर आलेलं. ती छत्रपती संभाजीनगरची, तो औसा तालुक्यातला, दोघंही पुण्यात नोकरीला. मी संभाजीनगरात बसून लोकांना गाडीच्या छोट्या सहली आखून देते. मुलगी खुर्चीत बसताबसताच म्हणाली, "ताई, गोवा-मनाली नकोय. आपल्याच भागात फिरायचंय, आपलं खायचंय. आणि कुठंतरी दोन दिवस निवांत बसून चांगली वाईन प्यायचीय."

वही काढून मी नेहमीचे प्रश्न विचारले. सहा रात्री, २८ डिसेंबर ते ३ जानेवारी. गाडी स्वतःची, लहान. चालवणार तो एकटाच. तिच्याकडे परवाना होता, पण हायवेचा सराव नव्हता. दोघंही सगळं खाणारे. शेवट पुण्यात, कारण ४ तारखेला कामावर हजर व्हायचं. हे शेवटचं उत्तर पुढे फार कामाला आलं, पण त्या दिवशी माझ्या ते लक्षात आलं नाही.

पहिला आराखडा

दोन दिवसांत मी आराखडा करून पाठवला. वेरूळ, मग वाईनसाठी नाशिक, परत संभाजीनगर, जालन्यात मोसंबीचा ताजा रस, नांदेडला गुरुद्वाऱ्याचं लंगर, लातूर आणि पुणे. कागदावर भरगच्च दिसत होता. अंतर मोजलं तर साडेअकराशे किलोमीटरच्या पुढे. वाईनचा मुक्काम वर्षअखेरीच्या आठवड्यात नाशिकला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या गर्दीत. आणि ३० डिसेंबरला, सोमवारी भर दुपारी, मी त्यांना नांदेड-लातूर रस्त्यावर सोडलं होतं. "वाटेत जेवण", एवढंच त्या रकान्यात लिहिलेलं.

नवरदेव काही बोलला नाही. संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला.

"बाई, त्या दिवशी येळवस हाय. तिची पहिली येळवस. सून शेतात आल्याबिगर कसं व्हईल?"

मी गप्प झाले. कारण फक्त मानपानाचं नव्हतं, चूक माझीच होती. मार्गशीर्ष अमावस्येला, वेळा अमावस्येला (हीच येळवस), लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत अख्खं गाव शेतात जातं. शहरातसुद्धा दुकानांची शटर खाली, रस्ते ओस. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी आपल्या शेतात नेतं. त्या दुपारी लातूरच्या वाटेवर ढाबा शोधणाऱ्याला ढाबा मिळत नाही, मिळालंच तर कुणाच्या तरी शेतातलं बोलावणं मिळतं. खाण्याची सहल म्हणून आखलेल्या आराखड्यात, या भागातल्या वर्षाच्या सगळ्यांत मोठ्या जेवणाच्या दिवशी, मी या दोघांना उपाशी गाडीत बसवलं होतं.

खुंटी

मी नकाशा बाजूला ठेवला आणि कॅलेंडर पुढे घेतलं. मराठवाड्यातलं उत्तम खाणं बहुतेक हॉटेलात नसतंच. ते एखाद्या घरात, एखाद्या भट्टीवर, एखाद्या शेतात, ठरावीक दिवशी आणि ठरावीक वेळी होतं. त्याचं बुकिंग करता येत नाही, आपणच तिथं त्या वेळी असावं लागतं. म्हणून अशा सहलीत आधी एक जेवण खुंटी म्हणून ठोकायचं आणि बाकीचे दिवस तिला टांगायचे. आमची खुंटी ठरली ३० डिसेंबरची सकाळ, औशाजवळचं शेत.

पण ठोकण्याआधी मुलीशी एकटीशी बोलणं गरजेचं होतं. हनिमूनच्या मध्यात सासर येणार, त्याला तिचा होकार हवा, तोही नवऱ्यासमोर दिलेला नको. मी तिला वेगळा फोन केला. ती मोकळेपणानं म्हणाली, "शेतात जायला मला आवडेल. मी कधी पाहिलीच नाही येळवस, आमच्याकडे नसते. पण पाहुण्यांनी भरलेल्या घरात दोन रात्री राहायचं म्हटलं तर नको वाटतं." रास्तच होतं. मग मुक्काम लातूरला हॉटेलात धरला, औसा तिथून वीस किलोमीटर. आईला हे सांगायचं काम मी नवरदेवावर टाकलं आणि मुद्दाम त्याच्याच तोंडून सांगायला लावलं. आईचं उत्तर दोन ओळींचं होतं: "ऱ्हावा कुठं बी. दिवस उगवायला शेतात या, म्हंजे झालं."

वाईन कुठली

मराठवाड्यात द्राक्षं आहेत. जालन्याचं कडवंची गाव पाणलोटाच्या कामावर उभं राहिलं आणि आज द्राक्षाचं गाव म्हणून ओळखलं जातं. धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांतही बागा आहेत. मुलीला वाटत होतं की बाग आहे तर वाईनही असेल. पण या बागा खाण्याच्या द्राक्षांच्या. खायचं द्राक्ष मोठं, पातळ सालीचं, बिनबियांचं हवं. मणी फुगवायला जिबरेलिक ॲसिडच्या फवारण्या होतात. वाईनचं द्राक्ष बरोबर उलटं: मणी लहान, साल जाड, आत बिया. रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, म्हणून गराच्या मानानं साल जास्त असलेलं बरं. सोनाका किंवा थॉमसनची पेटी विकणारा शेतकरी आणि शिराझ लावणारा शेतकरी हे जवळजवळ दोन वेगवेगळी पिकं घेत असतात.

मग नाशिक की अकलूज? नाशिकला पर्याय भरपूर, पण जाऊन-येऊन चारशे किलोमीटर आणि नववर्षाची झुंबड. अकलूज सोलापूर जिल्ह्यात, मराठवाड्याच्या पश्चिम कुशीला. लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी असा सरळ रस्ता, साधारण दोनशे किलोमीटर, आणि तिथून पुणं आणखी एकशेसत्तर. शेवट पुण्यात हवा होता, त्यामुळे एकही रस्ता दुसऱ्यांदा तुडवावा लागत नव्हता. अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेल्लीची वायनरी आहे. काही इटालियन आणि भारतीय भावांनी मिळून ती उभी केली. 'फ्रातेल्ली' म्हणजे इटालियनमध्ये भाऊच. तिथं सांजोवेझे हे टस्कनीचं द्राक्षही लावलं आहे. राहायची सोय आहे, फक्त आधी बुकिंग लागतं.

माझी एकच अट होती: वायनरीवर दोन रात्री आणि मधला पूर्ण दिवस गाडीची किल्ली खोलीत. मोटार वाहन कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे, आणि चाखायच्या चार-पाच प्याल्यांनी माणूस त्या मर्यादेजवळ केव्हा पोचतो ते त्याला कळत नाही. चालवणारा एकच असेल तर दिवसभर फिरून संध्याकाळी चाखणी हे गणित बसतच नाही. "तू चाख, मी बघतो" असं म्हणणारा नवरा हनिमूनला नको.

वाटेवर

२७ च्या संध्याकाळी, निघण्याआधीच, मुलीनं नवऱ्याला जुन्या शहरात नेऊन नान-खलिया खाऊ घातला. तिच्या शहराचा हा पदार्थ त्यानं कधी खाल्ला नव्हता. मुहम्मद तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, त्या काळाशी या पदार्थाची परंपरा जोडली जाते. जाडसर गोल नान, वर हळद-गुळाच्या पाण्याचा पिवळा हात फिरवलेला, आणि शेजारी मटणाचा पातळ, तर्रीवाला खलिया. मी एकच सूचना दिली होती: नान भट्टीतून निघेल त्या घटकेला खायचा, बांधून घरी आणायचा नाही.

२८ ला सकाळी आठला संभाजीनगर सोडलं. गेवराई, बीड, चौसाळा करत दुपारी कुंथलगिरी. जैन सिद्धक्षेत्र म्हणून लोक इथं येतात, पण भूम-कुंथलगिरीचा हा पट्टा खव्याचा आहे, आणि कुंथलगिरीच्या खव्याला आता भौगोलिक मानांकनही आहे. मी त्यांना पेढ्याच्या दुकानाआधी भट्टीवर पाठवलं. मोठ्या कढईत दूध उकळतंय, माणूस लांब दांड्याच्या उलथन्यानं तळ खरवडतोय, हात थांबला की करपलंच. चार-पाच लिटर दुधाचा कुठं किलोभर खवा. कढईच्या कडेचा गरम खवा त्यानं बोटावर दिला, साखर न घातलेला. मुलीनं मला तिथूनच फोन केला: "ताई, हा जरा खारट लागतो, आणि धुराचा वास येतो. पेढ्यात हे कळतच नाही." अर्धा किलो साधा खवा आणि किलोभर पेढे घेऊन ते पुढे निघाले. साधा खवा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवायचा असं मी बजावलं होतं. पेढ्याला साखर तारते, खव्याला काहीच तारत नाही.

धाराशिवला मुक्काम. इथं एक अडचण आली. लॉजवाल्यानं दोघांची आधार कार्डं पाहिली, आडनावं वेगळी, पत्ते वेगळे, आणि खोली द्यायला नकार दिला. अर्धा तास दारातच गेला. शेवटी तिच्या फोनमधली लग्नपत्रिका आणि नवरदेवाच्या काकांचा फोन यावर सुटलं. मुलगी रडवेली झाली होती. दोघं सज्ञान असताना असं अडवणं मला चीड आणतं, पण लहान गावांत हे घडतं, आणि मी त्यांना आधी सांगायला हवं होतं. आता माझ्या प्रत्येक यादीत पहिली ओळ हीच: छापील लग्नपत्रिका गाडीत.

२९ ला पहाटे तुळजापूर उरकून ते तेरला गेले. लग्नानंतरचं देवीदर्शन घरच्यांना हवं होतं. तेर मला हवं होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या सागरी प्रवासाच्या टिपणात, 'पेरिप्लस'मध्ये, दख्खनच्या दोन बाजारपेठा येतात: पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं तगर. तगर म्हणजे आपलं तेर. त्याच टिपणात भडोच बंदरात काय उतरत होतं याची यादी आहे. तिच्यात वाईन आहे, आणि सगळ्यांत मागणी इटलीच्या वाईनला. तेरला सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीसारखीच एक बाहुली इटलीत पॉम्पेईच्या राखेत मिळाली. वाईन आणि मराठवाडा म्हटलं की लोकांना ते ओढूनताणून जोडलेलं वाटतं. तेरच्या लामतुरे संग्रहालयात उभं राहिलं की तसं वाटत नाही. दुपारी लातूर, तीन रात्री एकाच खोलीत, बॅग एकदाच उघडायची.

३० डिसेंबर

इथं मी स्वतः नव्हते. मुलीनं जे सांगितलं आणि जे फोटो पाठवले त्यावरून लिहिते.

पहाटे सहाला ते शेतात पोचले. ज्वारी कमरेच्या वर, हरभरा घाट्यांवर. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केलेली, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडवांचे दगड, पुढे नवं मडकं आंबिलाचं. पूजा झाल्यावर नवरदेवानं मडक्यातलं आंबील घेऊन शेताच्या कडेनं चर शिंपली. मागून पोरं ओरडत होती, "ओल्गे ओल्गे सालम पोल्गे!" मुलीला अर्थ कळला नाही, पण तिसऱ्या फेरीला तीही ओरडत होती.

मग भज्जी. बाहेरच्या माणसाला हे नाव फसवतं. ही तळलेली भजी नव्हेत. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे, वालाचे ओले दाणे, भुईमुगाचे दाणे, पातीचा कांदा, हिरवी मिरची, ठेचलेला लसूण, चिंचेचा कोळ, आणि हे सगळं बेसनाच्या पिठात धरून शिजवलेलं. सासूबाईंच्या भज्जीतली चिंच निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीची. तिलाही मानांकन आहे. पण सासूबाई ती वर्षानुवर्षं वापरतात, त्यांना त्या कागदाची गरज पडली नाही. भज्जीबरोबर ज्वारी-बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, गव्हाची गुळातली खीर, तिळाच्या पोळ्या. वर आंबील: ज्वारीचं पीठ ताकात आंबवून शिजवलेलं, लसूण-जिऱ्याचं, गार, वाडग्यानं प्यायचं.

मुलीनं मला लिहिलेला मेसेज मी जपून ठेवलाय: "सासूबाईंनी माझ्या ताटातल्या भज्जीत बोट घालून चव बघितली आणि म्हणाल्या, तुझ्या वाट्याला मिरची जास्त आली, थांब. आणि त्यांचं ताट मला दिलं." संध्याकाळी पेटता हेंडगा, म्हणजे कडब्याची मशाल, घेऊन शेताला फेरी झाली. लातूरला परतताना शहर बंद, पण त्यांच्याजवळ शेतातून बांधून दिलेला डबा होता. रात्रीचं जेवण खोलीतच झालं.

३१ ला मी त्यांना जवळजवळ मोकळंच सोडलं होतं. सकाळी उशिरा खरोशाची लेणी, दुपारी निलंग्याला गाड्यावरचा निलंगा राईस, मसाल्यात परतलेला झणझणीत भात. संध्याकाळी सासूबाईंनी आणखी एक पिशवी पाठवली: कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, गूळ. नवरदेव म्हणाला वायनरीवर हे कशाला. मी म्हटलं, न्याच.

मोटेवाडी

१ जानेवारीला दुपारी तीनपर्यंत ते पोचले. किल्ली ठरल्याप्रमाणे खोलीत. बाहेरचं खाणं आणलेलं चालेल का, हे मी आधीच फोनवर विचारून ठेवलं होतं. काढणी अजून सुरू व्हायची होती. ती साधारण जानेवारी अखेरीपासून मार्चपर्यंत चालते. ऑक्टोबरच्या गोड छाटणीनंतरचे (फळासाठी करतात ती छाटणी) घड रंगावर येत होते, एकाच घडात काही मणी हिरवे, काही जांभळे. नवरदेवानं एक मणी चावून पाहिला. साल दाताखाली चामड्यासारखी लागली, मग जिभेवर तुरट कोरडेपणा आला. धाराशिवच्या बाजारात घेतलेल्या द्राक्षांशेजारी ठेवून खाल्लं तेव्हा मी फोनवर सांगितलेला फरक त्याला पटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी टेबलावर चटण्या मांडल्या आणि एकेक वाईनबरोबर खाऊन पाहिल्या. मी त्यांना एवढंच सांगून ठेवलं होतं: तिखटाशी लाल, तुरट वाईन आधी पिऊ नका. अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं आणि तुरटपणा त्यात कडवटपणा आणतो. त्यांनी तरीही आधी लालच उघडली. शेंगदाण्याच्या चटणीचा घास आणि वर लाल घोट, दोघंही पाण्याकडे धावले. मग शेनाँ ब्लाँ ही थंड, जराशी गोडसर पांढरी वाईन, आठ-दहा अंशांवरची. तीच चटणी, तीच भाकरी, आणि लसूण एकदम पुढे आला, आग मागे सरली. कारळाच्या चटणीला मात्र सांजोवेझे बरी लागली. कारळाचा तेलकट कडवटपणा तिच्या तुरटपणाला झेपला. पेढ्याबरोबर कुठलीच जमली नाही. साखरेपुढे कोरडी वाईन आंबट पडते.

वाईन कशी आंबते ते ऐकताना मुलीनं तिथल्या माणसाला आंबिलाबद्दल सांगितलं: पीठ, ताक, मडकं, एक रात्र. त्यानं तिला नीट विचारून घेतलं की मडकं नवंच का लागतं. तिला उत्तर माहीत नव्हतं. तिनं तिथूनच सासूबाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सासूबाई म्हणाल्या, "जुन्या मडक्याला आधीची आंबट लागलेली असती. ती नव्यात उतरती, मग चव हातात ऱ्हात न्हाई." तो माणूस हसला आणि म्हणाला, आमच्याकडे टाक्या रोज धुवायचं कारण हेच.

३ तारखेला सकाळी नाश्ता करून, पूर्ण झोप घेऊन, ते निघाले. तीन बाटल्या डिकीत न ठेवता मागच्या सीटच्या पायाशी, ओल्या टॉवेलात गुंडाळून, कारण जानेवारीतही उन्हात उभ्या गाडीची डिकी तापते आणि वाईन शिजल्यासारखी होते. एकूण प्रवास नऊशे किलोमीटरच्या आसपास झाला.

मार्चमध्ये मुलीचा फोन आला. पुढची येळवस कधी आहे ते तिला हवं होतं. मी पंचांग काढून १९ डिसेंबर सांगितलं. तिनं रजा टाकली होती.